‘ती निघून का जात नाही?’ – विषारी नात्यावरची दीर्घकथा, पार्श्वभूमी दापोली किनारा (लेखकांच्या मंचावरची चर्चा; प्रत्येक मजकुराआधी लिहिणाऱ्याचं टोपणनाव)

खाडीपलीकडे

दीर्घकथेचा पहिला खर्डा पूर्ण आहे, साधारण 14,000 शब्द. काळ 2023, गाव हर्णै बंदराच्या आसपासचं. नायिका छत्तीस वर्षांची, घटस्फोटानंतर 2020 मध्ये मुंबईहून गावच्या घरी आलेली, चार खोल्यांचा होमस्टे चालवते. तिचा प्रियकर मासेमारीच्या ट्रॉलरमध्ये अर्धा भागीदार, विवाहित. बायको-मुलं शाळेसाठी पनवेलला. दोघांमधली ओढ खरी आहे, आणि त्याच ओढीच्या आधाराने तो तिचा एकेक निर्णय आपल्याकडे घेत जातो.

वाचणाऱ्या तिघांचाही एकच प्रश्न: ती निघून का जात नाही? दुसरी अडचण अशी की भांडण-समेट-भांडण असं तीनदा येतं आणि तिसऱ्यांदा वाचक पानं उलटतो. तिसरी म्हणजे शरीराचे प्रसंग. एकतर पाठ्यपुस्तकी होतात नाहीतर सवंग. नायिकेच्या बालपणाचा, वडिलांच्या धाकाचा परिच्छेद घालून कारण द्यायचं नाहीये. ठोस सुचवा.

चिरेबंदी

बालपण नको हे उत्तम. कारण मनात शोधण्याआधी व्यवहारात शोधा.

घर गावचं, म्हणजे सातबारावर वडील, काका, आत्या अशी सामायिक नावं. सगळ्या सहहिस्सेदारांच्या सह्या झाल्याशिवाय त्यावर कर्ज उभं राहत नाही, आणि एक काका नालासोपाऱ्यात बसून सही अडवतो. त्यात 3 जून 2020 चं निसर्ग वादळ. दापोली किनाऱ्यावर कौलं उडाली, पोफळी-माडाच्या बागा आडव्या झाल्या. ती नुकतीच मुंबईहून आलेली, छप्पर नाही, पुढे पाऊस. त्या वेळी पत्रे आणि कामगार त्याने आणले, नंतर दोन खोल्यांना संडास-बाथरूम बांधून दिलं. साडेचार लाख, कागद शून्य. आता निघायचं तर पैसे परत करायचे, आणि किती परत करायचे हे तोच सांगणार. ही रक्कम प्रत्येक भांडणात वाढू द्या. आधी साडेचार, मग ‘पाच-सव्वापाच’, शेवटी ‘माझे सात लाख तुझ्या भिंतीत आहेत’. निवेदकाने यावर अक्षर बोलू नये. वाचक बेरीज करतो.

दुसरी गाठ म्हणजे टेबलावरचा क्यूआर कोड. सुरुवातीला सोय म्हणून त्याच्या खात्याचा लावलेला, तो तसाच राहिलेला. बुकिंगचा नंबरही त्याचाच. पाहुण्यांनी पैसे दिले की तिला ते आले का, हे त्याला विचारावं लागतं.

हे सगळं एका परिच्छेदात सांगितलंत तर माहितीपत्रक होईल. क्यूआर पहिल्यांदा दुसऱ्याच कशाच्या वाक्यात येऊ द्या. पाहुणे जेवायला बसलेत, मोदक संपलेत, कोणीतरी फोन कोडसमोर धरतो, बस्स. दुसऱ्यांदा किरकोळ खटका: पाहुण्याला पावती हवी आहे आणि तिच्याकडे आकडाच नाही. तिसऱ्यांदा गॅस सिलिंडरचे पैसे तिला त्याच्याकडे मागावे लागतात. तीन जागांमध्ये किमान हजार-बाराशे शब्दांचं अंतर ठेवा, नाहीतर वाचकाला लेखकाचा हात दिसतो.

आणि तो देतो तेही खरंच देऊ दे. रात्री अकराला पंप जळला तर तोच येतो, पाहुण्यांसाठी सुरमई बंदरावरच्या लिलावाच्या भावात मिळते ती त्याच्यामुळे. नुसता घेणारा पुरुष रंगवला तर ‘निघून का जात नाही’ हा प्रश्न वाचकाने विचारायलाच हवा.

बंदर_नाका

वरच्या प्रतिसादात एक भोक आहे. ट्रॉलर काही दिवसांच्या फेरीला गेला की फोनला रेंज नाही. मग बुकिंग कोण घेतं? नंबर त्याचा असला तरी फोन किनाऱ्यावर कोणाकडे तरी हवा. त्याचा भाचा ठेवा, बर्फाच्या गाडीचा हिशोब बघणारा, बावीस-तेवीस वर्षांचा. म्हणजे तो समुद्रात असतानाही तिच्या खोलीत कोण उतरलंय हे त्याला बंदरावर पाय ठेवताक्षणी कळतं. शिवाय भाच्याशी तिचं नातं चांगलं असू दे. तो तिला ‘मामी’ म्हणत नाही, ‘ताई’ म्हणतो, आणि मामासमोर काहीच म्हणत नाही.

आता आवर्तनाचं. यांत्रिक बोटींना 1 जून ते 31 जुलै मासेमारी बंद, म्हणजे 61 दिवस. बोट किनाऱ्यावर ओढून शाकारलेली, खलाशी आपापल्या गावी गेलेले, पुढच्या हंगामासाठी त्यांना उचल द्यायची आहे, डिझेलचा परतावा मच्छीमार संस्थेकडून अजून आलेला नाही. तेव्हाच तिच्या खोल्याही रिकाम्या. दोघांकडे पैसा नाही आणि तो रोज घरात. तुमचं सगळ्यात वाईट भांडण इथेच हवं, गर्दीच्या डिसेंबरात नको. डिसेंबरात आणि मे महिन्यात घर पाहुण्यांनी भरलेलं, तिथे भांडण दबक्या आवाजात. जुन्या कौलारू घरात मधल्या भिंती आढ्यापर्यंत जात नाहीत, वरून आवाज पलीकडे जातो. दारं लावूनही काही लपत नाही, हे तुमच्या तीन प्रसंगांपैकी निदान एकाला वेगळं करेल.

2023 च निवडलंत तर तारखा सांभाळा. त्या वर्षी अधिक श्रावण होता, त्यामुळे नारळी पौर्णिमा 30 ऑगस्टला आली आणि गणपती 19 सप्टेंबरला. बंदी उठणं आणि नारळी पौर्णिमा यांत महिन्याचं अंतर पडलं. बरेच लेखक दोन्ही एकाच आठवड्यात उरकतात.

पुनरावृत्तीबद्दल: तणाव, स्फोट, मनधरणी हे हिंसक नात्याचं तीन टप्प्यांचं चक्र अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लेनोर वॉकर यांनी 1979 मध्ये मांडलं, आणि आता इतकं पसरलंय की वाचक ते ओळखून पुढे पळतो. शिवाय सगळी नाती त्यात बसत नाहीत. कित्येकांत मनधरणीचा टप्पाच येत नाही. तुमचं चक्र तीनदा फिरवा, पण लांबी बदला. पहिलं भांडण 900 शब्दांचं, पूर्ण संवादांसह. दुसरं 300, आणि तेही भांडण संपल्यावर सुरू करा: फुटलेली बरणी, लोणच्याचं तेल फरशीवर, भाचा दारात. तिसरं एका वाक्यात. माफीही आटू द्या. पहिल्यांदा तो दापोलीहून तिच्यासाठी मिक्सर आणतो. दुसऱ्यांदा पापलेट ओट्यावर ठेवून निघून जातो. तिसऱ्यांदा तीच त्याला आवडते म्हणून सोलकढी करते. माफी कोणाकडून कोणाकडे सरकली, हे कुठेही लिहू नका.

अबोली

शृंगाराबद्दल. मराठीत नामं फसवतात. ‘आलिंगन’, ‘ओष्ठ’ लिहिलं की संस्कृत नाटक, बोलीतलं नाम लिहिलं की शिवी, इंग्रजी लिहिलं की डॉक्टरचा कागद. क्रियापदांवर चाला: सोडणं, ओढणं, थांबवणं, उसवणं, धरून ठेवणं. अवयवाचं नाव न घेताही हात कुठे आहे हे कळतं, कारण कपडा कुठे आहे हे तुम्ही सांगता. प्रसंगात एक तरी अडथळा ठेवा. मच्छरदाणी अडकते, लाइट जाते, त्याच्या अंगाला डिझेलचा वास आहे आणि ती आधी आंघोळ कर म्हणते. तो हसतो. ती पुन्हा म्हणत नाही. सत्ता कुठे बसली आहे ते इथे दिसतं, आणि ओढही उरते.

लाटा, भरती, सुरंगी, हापूस यांवर सरसकट बंदी घाला. समुद्र या कथेत कामाची जागा आहे, तसाच राहू दे.

तिला हवं आहे हे स्पष्ट लिहा. विषारी नात्याच्या मराठी कथांत बाईची इच्छा हळूच पुसली जाते, म्हणजे तिची दया येईल. मग कथा बोधपर होते. निदान एका प्रसंगात सुरुवात तिने करावी, आणि तो प्रसंग पहिल्या भांडणानंतरचा असावा. वाचक अस्वस्थ होईल, होऊ दे. तिच्या पदरी दोषही टाका. ती त्याच्या बायकोचा फोटो फोनवर मोठा करून बघते, पाहुण्यांसमोर त्याला ‘आमचे मासेवाले’ म्हणते. हा दुसरा दोष मोठा आहे, त्याला डाचायला हवा.

संवादात मालवणी घालू नका. ‘खय’, ‘कित्याक’ सिंधुदुर्गात. हर्णै-दापोलीकडचा दर्यावर्दी मालवणी बोलला की इथला वाचक पुस्तक मिटतो. बोली नीट येत नसेल तर साधी मराठी ठेवा, वाक्यं तोडा, आणि ‘गो’ वापरा. तो लाडात असताना ‘गो’, हिशोब काढताना नाही, एवढा फरक पुरे.

खाडीपलीकडे

क्यूआर आणि भाचा घेतले. एक विचारायचं राहिलं. तिसऱ्या भागात तो ‘पोलिसांत जाईन, व्यभिचाराची केस टाकीन’ अशी धमकी देतो आणि ती घाबरते. हे चालेल का? आणि उलट, ती कायद्याने काही करू शकते का?

दिवाणी_फौजदारी

धमकी उलटीपालटी झाली आहे. व्यभिचाराचं कलम 497 सर्वोच्च न्यायालयाने 27 सप्टेंबर 2018 ला रद्द केलं, आणि ते होतं तेव्हाही शिक्षा पुरुषालाच होती, तक्रार बाईच्या नवऱ्याची लागायची. ती घटस्फोटित, विवाहित तो. म्हणजे जुन्या कायद्यातही केस उभी राहत नव्हती. धमकी ठेवायची असेल तर ठेवा, पण त्याला ती कुठेतरी ऐकलेली म्हणून वापरू द्या आणि भाच्याला खरं माहीत असू द्या.

तिची बाजू अवघड आहे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार कायदा लग्नाशिवायच्या, पण ‘विवाहसदृश’ नात्यालाही लागू होतो आणि त्यात आर्थिक छळ स्पष्ट नोंदलेला आहे. मात्र पुरुष विवाहित आहे हे माहीत असताना ठेवलेलं नातं त्यात बसत नाही, असं इंद्रा सर्मा खटल्यात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. म्हणजे दापोलीतला वकील तिला पहिला प्रश्न हाच विचारेल: लग्न झालंय हे तुम्हाला ठाऊक होतं? त्या प्रसंगाला चार ओळी पुरतात.

त्याच्या पैशांची धमकी मात्र पोकळ नाही. उसन्या पैशांच्या दाव्याला मुदत तीन वर्षं. 2020 च्या जून-जुलैत दिलेले पैसे 2023 च्या पावसाळ्यात मुदतबाह्य झाले असं तिला एखादा पाहुणा सांगेल. पण कोविडमुळे 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ मुदतीतून वगळला गेला, म्हणजे त्याला 2025 च्या फेब्रुवारीअखेरपर्यंत वेळ आहे. शिवाय तिने मधे ‘तुझे पैसे देते हळूहळू’ असा मेसेज पाठवला असेल तर ती लेखी कबुली धरली जाऊ शकते आणि मुदत तिथून नव्याने मोजली जाते. पत्रेवाल्याला त्याने थेट बँकेतून पैसे दिले असतील तर ती नोंदही आहेच.

बंदर_नाका

तो मेसेज तिने आनंदात पाठवलेला दाखवा. मे महिना, चारही खोल्या भरलेल्या, हातात थोडी रोकड. तारीख 31 मेच्या आत ठेवा, म्हणजे बंदी सुरू होण्याआधी.

अबोली

आणि मेसेज तिच्याच फोनवरून, पण रेंजसाठी वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, जाऊन. घरात रेंज आहे असं आधी कुठे लिहिलं असेल तर तेवढं तपासून घ्या.