विंडोजशेजारी लिनक्स: ईएफआय पार्टिशन फॉरमॅट करू नका
विंडोजच्या पीसीवरच लिनक्स टाकताना डिस्कचे भाग, म्हणजे पार्टिशन, कसे पाडायचे या चर्चेत कुणीतरी म्हटलं, की होमचं (आपल्या फाइलींचं) पार्टिशन वेगळं ठेवा; ते शंभर टक्के पटलं. पुढे रूट, म्हणजे खुद्द लिनक्सचं पार्टिशन, फॉरमॅट करून (पुसून) नवीन आवृत्ती टाकली तरी फाइली जागेवर राहतात. 'स्वॅप (रॅम कमी पडली की वापरायची डिस्कवरची जागा) रॅमच्या दुप्पट हवं' हे तिथलं दुसरं म्हणणं मात्र जुन्या काळचं झालं. उबुंटू हे लिनक्स १७.०४ आवृत्तीपासून साध्या इन्स्टॉलमध्ये वेगळ्या पार्टिशनऐवजी स्वॅप फाइलच बनवतं. हायबरनेट (रॅममधलं सगळं डिस्कवर ठेवून पीसी बंद करणं) वापरणार असाल तरच रॅमएवढी जागा धरा.

पण ईएफआय पार्टिशनबद्दल, म्हणजे पीसी सुरू होताना लागणाऱ्या फाइलींच्या भागाबद्दल, त्या चर्चेत कुणीच बोललं नाही, आणि खरी गोची तिथेच होते. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या एका अडत दुकानाच्या पीसीवर आम्ही टॅलीसाठी विंडोज ठेवून शेजारी लिनक्स टाकलं. इन्स्टॉलरच्या यादीत सुरुवातीलाच १०० एमबीचं फॅट३२ पार्टिशन दिसलं. विंडोजचा बूटलोडर, म्हणजे विंडोज सुरू करणारा प्रोग्रॅम, त्यातच असतो. ते 'ईएफआय सिस्टीम पार्टिशन' म्हणून निवडायचं, पण फॉरमॅटच्या चौकटीत खूण अजिबात करायची नाही. लिनक्स त्यातच आपलं वेगळं फोल्डर करतं. खूण राहिली तर विंडोज सुरूच होत नाही, आणि ऐन सौद्याच्या वेळी दुकानदाराचे हिशेब अडकतात. आणि हो, आधी विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप (पुढच्या वेळी लवकर सुरू व्हावं म्हणून विंडोज पूर्ण बंद न करणारी सोय) बंद करा, नाहीतर लिनक्समधून विंडोजचे ड्राइव्ह नुसते वाचता येतात, त्यात काही साठवता येत नाही.