मदत हवी आहे: नागपुरात प्रोफेशनल व्हिडिओ कॅमेरा कुठे घ्यावा? मुंबईला जावं लागेल का?

तर्रीपोहे:
भाऊ लोकहो, मदत पाहिजे. प्रोफेशनल व्हिडिओ कॅमेरा घ्यायचा आहे. बर्डी पालथी घातली, सदरला जाऊन आलो, सगळे फोटोचेच कॅमेरे दाखवून राहिले. व्हिडिओचं विचारलं की म्हणते, "मॉडेल सांगा, अर्धे पैसे भरा, मागवून देतो." आता हातात न घेता पैसे कसे भरावे? नागपुरात खास व्हिडिओवाला दुकानदार कोणी आहे का? की मुंबई गाठू? की ऑनलाइन घेऊ? दिवाळीच्या आत पाहिजे. जरा लवकर सांगा.

धरमपेठकर:
शूटिंग कशाचं? लग्न, बातम्या, यूट्यूब, क्लासचे लेक्चर? बजेट किती? एवढं कळल्याशिवाय कोण काय सांगणार?

तर्रीपोहे:
कार्यक्रमांचं. बजेट अडीच लाखाच्या आत. दुकान सांगा ना भाऊ, मॉडेल मी पाहून घेतो.

नीलमोहर:
कॅमकॉर्डरचा, म्हणजे लेन्स जोडूनच येणाऱ्या व्हिडिओ कॅमेऱ्याचा, जमाना गेला. सरळ फुल फ्रेम मिररलेस (मोठ्या सेन्सरचा, लेन्स बदलता येणारा) घ्या, सोबत 70-200 मिमीची झूम लेन्स. अंधारात काय पिक्चर येतं ते बघा एकदा. लग्नाच्या धंद्यात आता सगळे हेच वापरतात, पार्टीसुद्धा त्याच्याशिवाय ऐकत नाही. आणि मिररलेस बर्डीवर कुठेही मिळेल, तुमचा दुकानाचा प्रश्नही सुटला.

कॅमेराविदर्भ:
@नीलमोहर, कार्यक्रम किती तासांचा ते तर विचारा आधी. मी अनेक वर्षं सभा, संमेलनं, डिसेंबरातलं अधिवेशन असं सगळं शूट करतो. एका उन्हाळ्यात भर दुपारच्या मंडपात पंखा नसलेला मिररलेस तापून बंद पडला, तोही वक्ता ऐन मुद्द्यावर आला असताना. तेव्हापासून जास्त वेळ चालणाऱ्या कार्यक्रमाला मी कॅमकॉर्डरच नेतो.
@तर्रीपोहे, सलग किती वेळ रेकॉर्डिंग? स्टेजपासून तुम्ही किती लांब? आवाज कुठून घेणार?

तर्रीपोहे:
रात्रभर. दहाला पडदा उघडते, उजाडेपर्यंत चालते. झाडीपट्टीचे, म्हणजे आपल्या गडचिरोली-चंद्रपूर-भंडारा-गोंदियाकडचे नाटक आहेत ना. आमची जागा मंडपात मागे, मचाणावर, 25 मीटर तरी पकडा. आवाज साऊंडवाल्याच्या मिक्सरमधून.

झाडीची_लेक:
अहो, हे आधी सांगायचं ना! वडसा माझं माहेर. दिवाळीनंतर नाटकं सुरू होतात ती होळीपर्यंत. दिवसा शंकरपट (बैलांच्या शर्यती), रात्री नाटक, आणि घरोघरी पाहुणे. 2023 साली झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा कुठे बाकीच्या महाराष्ट्राने ही रंगभूमी विचारात घेतली. पण इतक्या नाटकांची धड चित्रफीत कुठे आहे? मोबाइलवर काढलेले तुकडे तेवढे फिरतात, त्यात नटाचा चेहरा म्हणजे पांढरा ठिपका आणि ऑर्गनच्या आवाजात संवाद गायब. तुम्ही हे काम खरोखर करत असाल तर नीट करा हो. शूटिंगला कोणत्या गावांत जाणार आहात? मंडळ कोणतं?

फोर्टकर:
मुंबईला या. सीएसएमटीला उतरलात की बोरा बाजार चालत पाच मिनिटांवर. एकाच गल्लीत कॅमेरे, ट्रायपॉड, लाइट, दुरुस्ती सगळं. चार दुकानांत भाव विचारून पाचव्यात घ्यायचा. नागपूरला बसून कोणाला अर्धे पैसे आगाऊ देण्यापेक्षा हे बरं.

लेखापाल:
बोरा बाजारात जा, पण पक्क्या बिलाशिवाय घेऊ नका. "बिनबिलाचा देतो, वीस हजार कमी" असं कोणी म्हटलं की तो माल बहुतेक बाहेरून परस्पर आलेला असतो, त्याला कंपनीची भारतातली वॉरंटी मिळत नाही. खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता आणि एमआरपी छापलेलं स्टिकर असायलाच हवं, तो कायदा आहे. खोका, कॅमेऱ्याची बॉडी आणि बिल, तिन्हींवरचा सिरियल नंबर जुळवून पाहा.
शिवाय जीएसटी. व्हिडिओ कॅमेऱ्यावर 1 जानेवारी 2019 पासून 28 ऐवजी 18 टक्के लागतो. अडीच लाखाच्या बिलात साधारण 38 हजार कर असतो. तुमची नोंदणी असेल तर बिलावर स्वतःचा जीएसटी नंबर घालून घ्या, हे पैसे क्रेडिटला मिळतात.

धरमपेठकर:
पण म्हणून कोणी मुद्दाम नोंदणी करायला धावू नका. सेवेच्या धंद्यात उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर एरवी सक्ती नसते, आणि नंतर दर महिन्याची किंवा तिमाहीची रिटर्न्स मागे लागतात.

नीलमोहर:
ठीक, रात्रभराचं काम आहे. मग पंखा असलेला सिनेमा लाइनचा कॅमेरा घ्या, सोनीच्या एफएक्स30 सारखा. तापायचा प्रश्न मिटला. पिक्चर क्वालिटीबद्दल मी ठामच आहे. पेट्रोमॅक्सच्या उजेडातसुद्धा चेहरा दिसेल.

कॅमेराविदर्भ:
पेट्रोमॅक्स गेले हो, आता स्टेजवर एलईडीचे पार लाइट असतात.
हिशोब करू. 25 मीटरवरून फुल फ्रेमवर 200 मिमी लावली तर चौकटीत साडेचार मीटर रुंदी येते. एफएक्स30 चा सेन्सर लहान, तरी 3 मीटर. म्हणजे हिरॉइन रडतेय आणि तुमच्या चौकटीत तबलजीसुद्धा. एक इंची सेन्सरच्या सोनी पीएक्सडब्ल्यू-झेड90 ला 12 पट झूम आहे, शेवटच्या टोकाला फुल फ्रेमवरच्या 348 मिमीच्या बरोबरीचं, त्यात अडीच मीटर येईल. पॅनासॉनिक सीएक्स350 ला 20 पट, 490 मिमी, त्यात दोन मीटरच्याही आत. कॅनन एक्सए55 ला 15 पट, या दोघांच्या मधला. आणि पूर्ण रुंदीपासून चेहऱ्यापर्यंत एका बोटाने, न थांबता जाता येतं. 70-200 ने ते करून दाखवा, हात हललेला कळतो.

नीलमोहर:
4के मध्ये शूट करून एचडीत क्रॉप करता येतो. 200 चे 400 होतात.

कॅमेराविदर्भ:
होतात. पण 4के 100 एमबीपीएसला तासाला 45 जीबी, आठ तासांना 360. एचडी 50 एमबीपीएसला याच्या निम्मं. आठवड्यात तीन नाटकं असली तर हार्डडिस्कवाल्याचं भलं होईल. शिवाय नाटक चालू असताना कोणाकडे जायचं ते त्या क्षणी ठरवायचं असतं, घरी येऊन टेबलावर नाही. दोन कार्ड स्लॉट हवेत, एक भरलं की रेकॉर्डिंग न तुटता दुसऱ्यावर गेलं पाहिजे. दुकानात हे करून बघा, नुसतं दुकानदाराच्या शब्दावर राहू नका.

आकाशदर्शी:
गावाचा आणि मंडपाचा वरून शॉट फार सुंदर येतो. कॅमेऱ्यासोबत ड्रोनही बघा. मात्र विमानतळाच्या परिसरात सरकारच्या डिजिटल स्काय पोर्टलचा नकाशा तपासल्याशिवाय उडवू नका, 2021 च्या नियमांत लाल, पिवळे आणि हिरवे झोन ठरवून दिलेत.

जुनी_टेप:
नमस्कार. विषय निघालाच आहे म्हणून विचारतो. माझ्याकडे मिनी डीव्हीच्या खूप टेप आहेत, मुलांच्या मुंजी, वडिलांची एकसष्टी. कॅमेरा चालू आहे पण आताच्या लॅपटॉपला फायरवायर (टेपच्या कॅमेऱ्यातून कॉम्प्युटरवर घ्यायचं जुनं पोर्ट) नाही. नागपुरात कोणी करून देतं का?

तर्रीपोहे:
ड्रोन नको भाऊ, ड्रोनचं काही विचारलं नाही मी.
आणि एक सांगायचं राहिलं. यंदा मंडळ मोठा एलईडी पडदा लावून राहिलं, मागच्या लोकांसाठी. कॅमेऱ्यातून त्यावर लाइव्ह द्यायचं आहे. केबल 60 मीटर लागेल.

कॅमेराविदर्भ:
हेच तर सगळ्यात महत्त्वाचं! आता निम्मी मॉडेलं यादीतून गेली. साधी एचडीएमआय दहा-पंधरा मीटरच्या पुढे भरवशाची नाही. तुम्हाला एसडीआय आउट (लांब केबलवरून व्हिडिओ पाठवायचं प्रोफेशनल पोर्ट) असलेलाच कॅमेरा लागेल. 75 ओहमची चांगली कोॲक्स केबल आणि तिच्या टोकाला बीएनसी (फिरवून अडकणारं कनेक्टर), 60 मीटर आरामात जाते, आणि खेचली गेली तरी निसटत नाही. घेताना एकेक अक्षर बघा. सोनीचे एनएक्स80 आणि झेड90 दिसायला भावंडं, पण एसडीआय झेड90 लाच. कॅननच्या एक्सए50 ला नाही, एक्सए55 ला आहे. सोनी एनएक्स100 स्वस्तात मिळेल, पण एचडीच आणि एसडीआय नाही. स्क्रीनवाल्याचा प्रोसेसर एसडीआय घेतो का, ते आजच विचारा.

फोर्टकर:
वायरलेस ट्रान्समीटर लावा, केबलचं झंझटच नको.

कॅमेराविदर्भ:
हजारो माणसं, प्रत्येकाच्या खिशात मोबाइल, आणि मध्ये पत्र्याचा मंडप. ऐन प्रसंगात पडदा काळा झाला तर लोक मचाणाकडे बघतात. केबल ती केबल.

धरमपेठकर:
आता मूळ प्रश्नावर. नागपुरात व्हिडिओची कामं करणारे डीलर आहेत, पण त्यांचं मोठं शोरूम नसतं, काउंटरवर माल मांडलेला नसतो. बर्डीवर काचेत शोधून ते सापडणार नाहीत. कंपनीच्या वेबसाइटवर प्रोफेशनल विभागाचे अधिकृत विक्रेते शहरानुसार दिलेले असतात, फोटो कॅमेऱ्याच्या यादीपेक्षा ही यादी वेगळी असते. तिथून फोन करा आणि सांगा, "डेमो युनिट दाखवा, माझी केबल लावून बघणार." डेमोला तयार असेल त्यालाच अॅडव्हान्स, तोही बँकेतून आणि पावती घेऊन. सीझनमध्ये कॅमेरा बिघडला तर वडशाहून नागपूर गाठता येतं, मुंबई नाही. दोन-चार हजार जास्त गेले तरी मी इथेच घेईन.

फोर्टकर:
दोन-चार हजार नसतो फरक. आणि सर्व्हिसला कॅमेरा शेवटी कंपनीच्या सेंटरलाच जातो, दुकानदार फक्त कुरिअर करतो.

धरमपेठकर:
कुरिअर करतो आणि तेवढ्या दिवसांसाठी दुसरा कॅमेरा देतो. माझ्या ओळखीच्या डीलरने दिलाय. हे बोलणं विकत घेण्याआधी करायचं, नंतर कोणी विचारत नाही.

कॅमेराविदर्भ:
डेमो पीसच विकत असतील तर मेनूत अवर्स मीटर बघा, बऱ्याच प्रोफेशनल कॅमेऱ्यांत असतं, किती तास चाललाय ते कळतं. लेन्सची टोपी लावून गेन (सेन्सरची संवेदनशीलता) पूर्ण वाढवा, पांढरे ठिपके एकाच जागी चमकत राहिले तर पिक्सेल गेलेत.
आणि जनरेटरवर लाइट असले की 50 हर्ट्झ नेमके राहत नाहीत. शटर 1/50 ठेवूनही पट्टे आले तर शटर बारीक-बारीक सरकवायची सोय हवी. सोनीत तिला ईसीएस म्हणतात, कॅननमध्ये क्लिअर स्कॅन, पॅनासॉनिकमध्ये सिंक्रो स्कॅन. तुम्ही पाहताय त्या मॉडेलात आहे का, ते काउंटरवरच मेनू उघडून बघा.

तर्रीपोहे:
धन्यवाद भाऊ. यादीतून एक डीलर सापडला, इथलाच. झेड90 आणि एक्सए55 दोन्ही डेमोला ठेवतो म्हणाला. स्क्रीनवाला म्हणते एसडीआय चालते. केबलचं अख्खं भेंडोळं घेऊन जातो आणि सीएक्स350 चा भाव पण विचारतो, बसला तर 20 पट झूमच घेईन. ताई, पहिला प्रयोग अर्जुनीकडे आहे, तारीख पक्की झाली की इथे टाकतो.

झाडीची_लेक:
नक्की टाका. आणि संवाद ऐकू येतील ते बघा हो, मिक्सरचा आवाज फाटतो फार.

कॅमेराविदर्भ:
मिक्सरमधून येणारी एक्सएलआर (आवाजाची केबल) कॅमेऱ्यात लाइनवर ठेवायची, माइक किंवा 48 व्होल्टवर (माइकला वीज देणाऱ्या सेटिंगवर) नाही. बरेचदा फाटतो तो इथेच. दुसऱ्या चॅनेलवर स्वतःचा एक माइक ठेवा, टाळ्या-शिट्ट्या त्यातून येतील. कॅमेरा जमेल तितका बॅटरीवर चालवा. अडॅप्टर लावलाच तर आधी पॉवर जोडायची, मग बीएनसी. काढताना आधी बीएनसी. जनरेटर आणि स्क्रीनच्या अर्थिंगमध्ये फरक असला की एसडीआयचं पोर्ट जळतं.

जुनी_टेप:
टेपचं कोणी सांगेल का?

लेखापाल:
@जुनी_टेप, फायरवायर पोर्ट असलेला जुना डेस्कटॉप शोधा किंवा डेस्कटॉपमध्ये फायरवायरचं कार्ड बसवून घ्या. तासाला 13 जीबी जागा लागते. वेगळा धागा काढा, मी तिथे सविस्तर लिहितो.