बारातले दहा हरले आणि चषक घेऊन गेले: हा विजेता खरा मानायचा का?

बारीकराव

गॅरेज आवरताना लेकीच्या जुन्या वह्यांच्या खोक्यात एक तिकीट सापडलं. २८ जुलै २०१८, बाल्टिमोर, अरीना बोल ३१, म्हणजे अमेरिकेतल्या अरीना फुटबॉल लीगचा अंतिम सामना. तेव्हा गाडीत घरी येईपर्यंत बायकोशी घातलेला वाद पुन्हा डोक्यात सुरू झाला. ती आता ऐकत नाही, म्हणून इथे आलोय.

ज्यांनी हा प्रकार पाहिलेला नाही त्यांच्यासाठी: हा अमेरिकन फुटबॉलच, पण छपराखालचा. आइस हॉकीचा रिंक झाकून त्यावर कृत्रिम हिरवळ अंथरतात. त्यामुळे मैदान शंभरऐवजी पन्नास यार्ड लांब आणि ८५ फूट रुंद, म्हणजे रिंकएवढंच. अकराऐवजी आठ-आठ खेळाडू. कडेला गादी लावलेल्या भिंती, त्यामुळे खेळाडू भिंतीवर आदळतो आणि कधी कधी पलीकडे पहिल्या रांगेतल्या माणसाच्या मांडीवर जाऊन पडतो. गोलच्या खांबांच्या दोन्ही बाजूंना उंच ताणलेली जाळी. चेंडू जाळीला लागून परत आला की खेळ चालूच. आपल्या वाड्यातल्या 'भिंतीला लागून झेल घेतला तरी आउट'सारखं समजा. लांब किक मारून चेंडू समोरच्याच्या गळ्यात घालायची, म्हणजे पंटची, सोय नाही. म्हणून धावफलक क्रिकेटसारखा पळतो. जिम फॉस्टर नावाच्या गृहस्थांनी १९८१ मध्ये मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये इनडोअर सॉकर बघताना हे सगळं एका पाकिटावर रेखाटलं आणि १९८७ मध्ये लीग सुरू झाली.

आता भांडणाचा मुद्दा. २०१८ मध्ये लीगमध्ये संघ उरले होते चार. प्रत्येकी बारा साखळी सामने. ऑल्बनी एम्पायर ८ जिंकून पहिले, बाल्टिमोर ब्रिगेड आणि फिलाडेल्फिया सोल ७-७, आणि तळाला वॉशिंग्टन व्हॅलर: २ विजय, १० पराभव. पण नियम असा की चारही संघ उपांत्य फेरीत! व्हॅलरने दोन सामन्यांतल्या गुणांच्या बेरजेवर ऑल्बनीला घरी पाठवलं आणि मग बाल्टिमोरला बाल्टिमोरमध्येच ६९-५५ असं हरवून चषक उचलला.

बरं, या दोन्ही संघांचा मालक एकच. टेड लिऑन्सिस यांची कंपनी, जिचा कॅपिटल्स हॉकी संघ त्याच जूनमध्ये स्टॅनली कप जिंकला होता. लीगचे आयुक्त रँडल बो, ते आयुक्त होण्याआधी त्याच कंपनीचं कायद्याचं काम बघायचे. घरचं कार्य, आहेर घरचा, भटजीही घरचेच.

माझं म्हणणं सरळ आहे. याला मी विजेतेपद म्हणणार नाही.

खडूस दादरकर

नियम आधी ठरला होता की सामना झाल्यावर? आधी ठरला असेल तर विषय संपला.

१९९२ आठवा. ॲडलेडला इंग्लंडने पाकिस्तानला ७४ वर गुंडाळलं होतं. पावसाने सामना धुतला, एक गुण पदरात पडला आणि त्याच एका गुणावर ते पुढे सरकले. इम्रानच्या हातातला चषक खोटा होता असं कुणी म्हणतं का? माझे वडील म्हणायचे, पण ते वेगळ्या कारणाने.

बारीकराव

दादरकर, उदाहरण तुमच्यावरच उलटतंय. पाकिस्तान नऊ संघांत चौथा आला. आठांपैकी चार सामने जिंकले होते. पाच संघ साखळीतच घरी गेले, यजमान ऑस्ट्रेलियासकट. इथे एकही संघ घरी गेला नाही. एप्रिल ते जुलै बारा सामने खेळून बाहेर कोण पडलं? कुणीच नाही. जिथे नापास व्हायची सोयच नाही, त्या परीक्षेच्या निकालावर पेढे वाटायचे?

गणितमास्तर

दोघांनीही खेळाची जात लक्षात घेतलेली नाही.

मोठ्या मैदानावरच्या फुटबॉलमध्ये गुण मिळवणं अवघड असतं. इथे चेंडू हातात आला की टचडाउन (चेंडू समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात नेणं, सहा गुण आणि वर एखादा) होणार असं धरूनच चालतात. गुण झाले की बातमी नाही, अडवलं की बातमी. म्हणजे साठ-पासष्ट गुणांचा सामना खरं तर दोन-तीन प्रसंगांवर ठरतो: एक पास मध्येच पळवला, एकदा चौथ्या, म्हणजे शेवटच्या प्रयत्नात अडवलं, एक किक जाळीला लागून भलत्याच्या हातात गेली. १४ गुणांचा फरक म्हणजे जेमतेम दोन अडवणुकी. असल्या खेळात २-१० चा संघ ८-४ च्या संघापेक्षा कागदावर दिसतो तितका मागे नसतो.

आणि उपांत्य फेरी एका सामन्याची असती तर मी बारीकरावांच्या बाजूने उभा राहिलो असतो. दोन सामन्यांची बेरीज घेतली की नशिबाचा वाटा कमीच होतो. व्हॅलर त्यातूनही तरले.

उलट बाजूचं उदाहरण: २०१४ चे क्लीव्हलंड ग्लॅडिएटर्स. साखळीत १७ जिंकले, १ हरले. अंतिम सामना स्वतःच्या घरी, आणि ॲरिझोना रॅटलर्सनी ७२-३२ असा धुतला. मग काय, १७-१ म्हणून चषक क्लीव्हलंडलाच द्यायचा होता का?

ऑल्बनीकर

अकरा वर्षं ऑल्बनीत राहतोय, त्यामुळे मी निष्पक्ष नाही, आधीच सांगतो.

गणितमास्तर, तुमची बेरीज छान आहे, पण मला एक सांगा. पहिलं येऊन आम्हाला मिळालं काय? चौथ्या क्रमांकाशी शून्यापासून दोन सामने. तीन महिने कमावलेलं एका रात्रीत पुसलं. निदान बेरजेत काही गुणांची आघाडी तरी द्यायची होती. आमच्या गावाकडे शर्यतीत जो चांगला बैल असतो त्याला आतली बाजू तरी देतात.

दुसरं, मालकांचं. बारीकराव अर्धंच बोलले. फिलाडेल्फियाच्या मालकांत जुने फुटबॉलपटू रॉन जॉवर्स्की होते, आणि आमच्या ऑल्बनीच्या मालकांच्या गटातही जॉवर्स्की होतेच. चार संघ, आणि खोलात गेलं तर घरं दोनच. हे सगळ्यांना माहीत होतं, कुणी लपवलं नाही. पण तो चषक उंचावताना बघून मला टाळ्या वाजवता आल्या नाहीत.

तिरफळ

'हे सगळ्यांना माहीत होतं' हेच वाक्य धरून बोलते. एक मालक म्हटलं की लगेच डोळा मारायचा, ही आपली जुनी खोड. सामना ठरवून खेळला असं सुचवायचं असेल तर स्पष्ट लिहा, आणि पुरावा द्या. नसेल तर 'भटजीही घरचेच' वगैरे मागे घ्या.

जरा मागे जाऊन बघा. २०१६ मध्ये आठ संघ होते. हंगाम संपला आणि त्यातले पाच गेले. ॲरिझोना आणि जॅक्सनव्हिल वेगवेगळ्या लीगमध्ये, ऑर्लँडो, लॉस एंजेलिस, पोर्टलंड बंद. उरले तीन. लिऑन्सिस यांनी वॉशिंग्टन आणि बाल्टिमोर असे दोन संघ उभे केले म्हणून २०१७ चा हंगाम तरी झाला. त्यानंतर टँपा बे आणि क्लीव्हलंडही थांबले. टँपा बे म्हणजे पाच वेळचे विजेते हो! अशा घरात जो कुणी छपराला टेकू देतो, त्यालाच 'तुझे दोन टेकू का' विचारायचं?

आणि खेळाडूंचं काय? साखळीत कितवे आलो यासाठी कुणी भिंतीवर डोकं आपटून घेत नाही. कर्ट वॉर्नर याच लीगमध्ये आयोवाकडून खेळला, १९९६ आणि १९९७ चे दोन्ही अंतिम सामने हरला. पहिला तर घरच्या प्रेक्षकांसमोर, ४२-३८. त्याआधी तो किराणा दुकानात रात्रपाळीला फडताळं भरायचा. पुढे त्याने सुपर बोल, म्हणजे मोठ्या मैदानावरच्या लीगचा अंतिम सामना जिंकला, तरी ते दोन पराभव नोंदीत राहिलेच. अंतिम सामना हरलेल्यासाठी जर तो खरा असेल, तर जिंकलेल्यासाठी खोटा कसा?

बारीकराव

सामना ठरवून खेळला असं मी म्हणालो नाही, म्हणणारही नाही. माझ्या डोळ्यांदेखत ब्रिगेडचा एक पोरगा पास पकडायला भिंतीवरून पलीकडे गेला, खाली एका काकांच्या मांडीवरचे चीज घातलेले नाचोज होते, ते त्याच्या हेल्मेटच्या जाळीत अडकले, आणि तो तसाच परत मैदानात. ठरवून खेळणारा माणूस असली उडी मारत नाही. 'भटजी' मागे घेतो.

पण तिरफळताई, टेकू वेगळा आणि विजेतेपद वेगळं. लिऑन्सिस यांचे आभार मानू. पण ज्या स्पर्धेत दोन विजयांवर शेवटचे आलेले लोक विजेते होऊ शकतात, तिथे पहिल्या बारा आठवड्यांची तिकिटं मला कशाची विकली होती?

कोपरा रेडर

कबड्डीवाला आहे, तुमच्या खेळातलं कळत नाही, पण हे कळतं.

आमच्याकडे सांगलीला मंडळाच्या स्पर्धेत एका वर्षी पावसाने संघच आले नाहीत. चारच उरले. आयोजक म्हणाले, साखळी खेळवू आणि चौघांनाही बाद फेरीत घेऊ, नाहीतर दुसऱ्या दिवशी मैदानावर कुत्रं येणार नाही. शेवटचा आलेला संघ जिंकला. ढाल त्यांच्या गावच्या चावडीत आहे. त्यावर 'चारांपैकी' असं कुठे कोरलेलं नाही.

चिंगीची आई

त्या दिवशी मीही तिथे होते! तेव्हाचं रॉयल फार्म्स अरीना, म्हणजे फ्राइड चिकनसाठी प्रसिद्ध असलेल्या दुकानांचं नाव दिलेली जुनी वास्तू. १९६४ मध्ये बीटल्स तिथे गायले होते, हे नवऱ्याने मला किमान सहा वेळा सांगितलं. खुर्च्याही तेव्हाच्याच असाव्यात.

एक किक जाळीच्या वरून आमच्या रांगेत आली. मी सवयीने परत फेकायला हात उचलला तर बाजूच्या बाई ओरडल्या, ठेव, ठेव, तुझाच तो. या खेळात प्रेक्षकांत आलेला चेंडू प्रेक्षकाचा! चिंगी आठवडाभर तो उशाशी घेऊन झोपत होती. घरी कुणी पाहुणा आला की ती सांगते, हा फायनलचा चेंडू आहे. तिला मी २-१० सांगू का आता?

खडूस दादरकर

सांगू नका. बारीकरावांनाही घरी बोलावू नका.

गणितमास्तर

एक अवांतर. जॉवर्स्की हे नाव मराठी वाचकांना आणखी एका ठिकाणी भेटतं. २०१२ मध्ये भारतात अमेरिकन फुटबॉलची एलिट लीग काढली होती, तिच्या पाठीराख्यांत हेही होते. हंगाम कोलंबोत खेळवून चित्रित केला आणि विजेते ठरले पुणे मराठाज, अंतिम सामन्यात दिल्लीवर ६-०. अरीना फुटबॉलमध्ये सहा गुण पहिल्या दोन मिनिटांत होतात! पुण्यात किती जणांना आपण विजेते झाल्याचं कळलं, हा वेगळा धागा होईल.

तिरफळ

पुणेकरांना कळलं असतं तर त्यांनी नियम तपासायला मागितले असते.

बारीकराव

विषयावर येऊ. नुसती तक्रार नको म्हणून माझा उपाय मांडतो. चार संघ आहेत ना? पहिला थेट अंतिम फेरीत. दुसरा आणि तिसरा एकमेकांशी खेळतील. चौथा घरी. साखळीला अर्थ आला, पहिल्याला बक्षीस मिळालं, आणि २-१० वाला जूनपासूनच पुढच्या वर्षाच्या तयारीला लागला.

ऑल्बनीकर

पूर्ण सहमत. पण मी सहमत असणारच.

खडूस दादरकर

मग वॉशिंग्टनवाल्याने मे महिन्यात तिकीट कशाला काढायचं? संघ मेला हे त्याला तेव्हाच कळलेलं. चारांपैकी एक स्टेडियम रिकामं म्हणजे पाव लीग रिकामी. बत्तीस संघांच्या लीगमध्ये परवडतं ते चारांत परवडत नाही. चौघांनाही आत घेतलं ते गुणवत्तेसाठी नाही हो, गल्ल्यासाठी. हे मान्य करा, मग मीही मान्य करतो की चषक थोडा हलका होता. थोडा!

बारीकराव

हलका होता एवढं तुमच्या तोंडून आलं, मला पुष्कळ झालं.

ऑल्बनीकर

गल्ल्याचं बोललात म्हणून. २०१९ मध्ये सहा संघ झाले. आम्ही पुन्हा पहिले आलो, आणि ऑगस्टमध्ये आमच्याच अरीनात फिलाडेल्फियाला ४५-२७ हरवून विजेते झालो. कुणाला शंका घ्यायला जागा नाही असा चषक. त्या रात्री डाउनटाउनमध्ये हॉर्न वाजवत फिरलो, आयुष्यात पहिल्यांदा. नोव्हेंबरमध्ये लीगने दिवाळखोरी जाहीर केली. म्हणजे २-१० वाल्यांना आपला किताब राखायला एक हंगाम तरी मिळाला, आमच्या निर्विवाद विजेत्यांना तेवढंही नाही.

मग २०२४ मध्ये त्याच नावाने लीग पुन्हा निघाली. सोळा संघांनी सुरुवात केली आणि काही आठवड्यांतच पटापट गळायला लागले. अंतिम सामना न्यू जर्सीत एका मॉलमध्ये झाला. आम्ही वेगळ्या नावाने, फायरबर्ड्स म्हणून, त्यातही पोहोचलो. मोंटानाच्या बिलिंग्जने ४६-४१ हरवलं.

खडूस दादरकर

मॉलमध्ये?

ऑल्बनीकर

मॉलमध्ये. मी गेलो होतो. पार्किंग सापडायला पाऊण तास लागला.

बारीकराव

चिंगीची आई, त्या चेंडूत अजून हवा आहे का? माझ्या लेकीने विचारायला सांगितलंय. आमच्या रांगेत एकही आला नव्हता.