खारकच्छातली वाम: आतड्यात एकाच जातीचे कृमी, मोजणी चुकतेय का?

खारे_पाणी:
इटलीतल्या कोमाक्कियोच्या खारकच्छातील (समुद्रालगतच्या खाऱ्या सरोवरातील) युरोपीय वाम माशांचे परजीवी कृमी मोजतो आहे. बहुतेक आतड्यांत डेरोप्रिस्टिस इन्फ्लाटा हा एकच चपटा कृमी, काही आतडी रिकामीच. कृमींच्या जाती खरंच इतक्या कमी असतात, की माझ्या हातून काही निसटतंय? मासे गोठवलेले आहेत. विविधतेसाठी शॅनन निर्देशांक (जाती किती आणि त्यांचं प्रमाण कसं, हे एका आकड्यात सांगणारा) चालेल का?

सूक्ष्मदर्शी:
डेरोप्रिस्टिसचं वर्चस्व खरं आहे. त्याचं चक्र हायड्रोबिया गोगलगायीतून नेरीस या चिखलातल्या वलयी कृमीमध्ये आणि तिथून वामेत जातं. हे दोन्ही पोशिंदे (ज्यांच्या अंगात परजीवी वाढतो ते प्राणी) खाऱ्या चिखलात भरपूर असतात. पण बारीक जाती नक्की निसटतात. बुसेफॅलस अँग्विली या चपट्या कृमीचं पहिलं वर्णन तर २००२ साली कोमाक्कियोच्याच वामेवरून झालं, आणि तो नुसत्या डोळ्यांनी दिसेलच असं नाही.

आतड्याचे तीन तुकडे करा, प्रत्येक ०.९% मिठाच्या पाण्यात उभा चिरा आणि काचपट्टीच्या कडेने आतलं अस्तर खरवडा. सगळं उंच भांड्यात दहा मिनिटं स्थिरावू द्या. वरचं पाणी हळूच ओता, नवं घाला. पाणी नितळ होईपर्यंत हेच. तळचा गाळ थोडा थोडा घेऊन स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली बघा. मोठ्या छिद्रांची चाळणी मुळीच वापरू नका.

गोठवल्याने संख्या बहुधा मिळते, ओळख मात्र बिघडते, कारण चपट्या कृमींचे काटे गळतात. ताजे मासे मिळाले तर त्यांतले कृमी उकळत्या मीठपाण्याने मारून ७०% अल्कोहोलमध्ये ठेवा. डीएनए हवा असेल तर काही ९६% मध्ये. काटेरी सोंडेचे कृमी आधी साध्या पाण्यात फ्रिजमध्ये ठेवा, म्हणजे सोंड बाहेर येते. सोंडेवरच्या आकड्यांच्या (हुकांच्या) रांगा मोजल्याशिवाय जात ठरत नाही.

वाताशय:
अँग्विलिकोला क्रॅसस हा वाताशयातला (माशाच्या हवेच्या पिशवीतला) गोलकृमी वेगळा तपासा. पोकळीतले प्रौढ सुट्टे मोजा, मग वाताशयाची भिंत दोन काचांमध्ये दाबून अळ्या शोधा. हा पूर्व आशियातला कृमी १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला युरोपात आला. खारेपणा वाढला की त्याच्या मुक्त अळ्या कमी जगतात, पण वामेतले प्रौढ टिकतात. म्हणून प्रौढ सापडले म्हणजे संसर्ग खारकच्छातच झाला, असं धरू नका. वाम गोड्या पाण्यातून आलेली असू शकते.

गणित_आधी:
एका माशातले सगळेच कृमी मोजले असतील तर शॅननऐवजी ब्रिल्युआं निर्देशांक घ्या. शॅनन नमुन्यासाठी आहे. रिकाम्या माशांना ० द्या आणि सरासरीत धरा. फक्त बाधित मासे घेतले की विविधता खोटी फुगते. प्रादुर्भाव (किती टक्के मासे बाधित), सरासरी विपुलता (सगळ्या माशांमागे कृमी) आणि तीव्रता (फक्त बाधित माशांमागे कृमी) वेगळी लिहा. मोजक्या माशांत शेकडो कृमी, बाकीच्यांत दोन-चार, हे नेहमीचंच. तिथे मध्यकही द्या.

पिवळ्या (वाढीच्या टप्प्यातल्या) आणि चंदेरी (प्रजननासाठी समुद्राकडे निघालेल्या) वामा कधीच एकत्र करू नका. चंदेरी वाम खाणं थांबवते, आतडं आखडतं आणि कृमी निघून जातात. तुमच्या रिकाम्या आतड्यांपैकी किती चंदेरी आहेत, ते आधी बघा.