सोर्स कोड बघितला, पण तो मास्तर गेला कुठे? (स्पॉयलर आहेत)

भुसावळ_अपडाउन
काल रात्री सोर्स कोड पाहिला, २०११ चा, जेक जिलनहॉलवाला. आपण रोज भुसावळ-जळगाव करणारे, गाडीतला पिच्चर म्हटल्यावर बसलोच. हिरो लष्करातला कॅप्टन, बॉम्बवाला शोधायला त्याला एका मशीनने गाडीत मेलेल्या शॉन मास्तरच्या अंगात घुसवतात. शिकागोला जाणारी लोकल, आठ मिनिटांत बॉम्ब फुटतो की परत पहिल्यापासून, समोर तीच ख्रिस्तिना, बुटावर तीच कॉफी सांडते, तोच टीसी तिकीट मागतो. आठ मिनिटं म्हणजे आपल्याकडे भादली स्टेशन यायच्या आत खेळ खलास. इथपर्यंत मजा आली पण शेवट डोक्यावरून गेला भो. ते मशीन बनवणारा डॉक्टर म्हणतो हे टाईम ट्रॅव्हल नाही, मेलेल्या माणसाच्या मेंदूत शेवटच्या आठ मिनिटांची आठवण उरते तेवढ्यातच फिरायचं. मग नवव्या मिनिटाला हा आणि ख्रिस्तिना शिकागोत हिंडतात कसे? आणि ज्या शॉन मास्तरच्या अंगात हा कॅप्टन घुसला तो कुठे गेला?

तापीकाठ
डॉक्टरवर विश्वास ठेवूच नको, त्याला स्वतःचं मशीन कळलेलं नाही. नुसती आठवण असती तर संडासातल्या जाळीमागचा बॉम्ब कॅप्टनला दिसला असता का, मास्तरने तो कधी पाहिलाच नव्हता! एका फेरीत हा गाडीतून उतरून एका पॅसेंजरच्या मागे जातो, मास्तर तर गाडीतच मेला होता. म्हणजे दर फेरीला नवीन जग. पहिल्या जगातली गाडी उडाली ती उडालीच, तिथे फक्त बॉम्बवाला सापडतो. शेवटी मशीनवरची ऑफिसर गुडविन कॅप्टनच्या अर्धमेल्या शरीराचा लाईफ सपोर्ट बंद करते, चित्र थिजतं आणि परत चालू होतं, ते दुसरं जग. तिथल्या गुडविनला याचा मेसेज येतो तेव्हा तिच्याकडचा कॅप्टन पेटीत तसाच पडून असतो, मशीन अजून वापरलेलंच नाही.

शेवभाजी_एक्स्ट्रा
माझ्या मते चित्र थिजतं तिथेच संपवायला पाहिजे होता. आमच्याकडे नेमकी तिथेच लाईट गेली, मी आठवडाभर हाच शेवट धरून ऑफिसात सगळ्यांना सांगत होतो, काय जबरदस्त एंड केलाय म्हणून 😂

केळीवाला_रावेर
मास्तर गया ना भो! त्या नव्या जगात तो जिवंत होता, बॉम्बही फुटला नाही, तरी त्याचं शरीर याने घेतलं ते घेतलंच. पिच्चर त्यावर एक शब्द बोलत नाही. याने स्वतःच्या बापाला मित्र म्हणून फोन केला, डोळ्यात पाणी आलं, मान्य. पण मास्तरच्या घरच्यांचं काय? आणि सोमवारी शाळेत गेल्यावर हा हेलिकॉप्टर उडवणारा गडी पोरांना शिकवणार काय?

भुसावळ_अपडाउन
@तापीकाठ बॉम्बचं पटलं. पण @केळीवाला तू तर अजून गुंता केला यार, ख्रिस्तिना मास्तरला आधीपासून ओळखत होती ना, मग ती नक्की कोणासोबत हिंडतेय? आज परत बघतो, तसंही गाडी लेट दाखवतेय.