मदत हवी आहे: बाबा १९९१ मध्ये कुवेतच्या जळत्या तेलविहिरींजवळ कामाला होते, आता धाप लागते

नमस्कार मंडळी,

माझ्या वडिलांविषयी विचारायचं आहे. थोडं सविस्तर लिहिते, कारण अर्धवट माहितीवर कुणालाच काही सांगता येणार नाही.

आम्ही गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. बाबा ७२ वर्षांचे, जन्मभर अवजड गाड्यांचे मेकॅनिक. विडी-सिगारेट कधी ओढली नाही. गेली काही वर्षं त्यांना धाप लागते. आधी चढावर लागायची, आता न्हाणीत जाऊन आले तरी खुर्चीत टेकतात. रात्री कोरडा खोकला. लईराईच्या जत्रेला ते दर वर्षी शिरगावला चालत जायचे, ते थांबलं. छातीचा एक्स-रे स्वच्छ आहे. नळीत फुंकर मारायची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, झाली. तिच्यात किंचित अडथळा दिसला. डॉक्टरांनी वयाचा दमा म्हणून पंप सुरू केला. पंपाने फारसा फरक पडलेला नाही.

बाबांनी आयुष्यभर कुठे आणि कशात काम केलं, हे आजवर त्यांना कुणी विचारलेलं नाही. केसपेपरवर व्यवसायासमोर ‘निवृत्त’ एवढंच लिहिलेलं असतं.

बाबा ऐंशीच्या दशकात कुवेतला गेले. २ ऑगस्ट १९९० ला इराकी फौजा तिथे घुसल्या तेव्हा ते तिथेच होते. त्या वर्षी चवथ आली तरी घरात त्यांची खबर नव्हती. मग बसरा, बगदाद, अम्मान आणि तिथून एअर इंडियाच्या विमानाने मुंबई. एक लाख ७० हजारांहून जास्त भारतीयांना त्या वेळी आणलं गेलं. गोव्यात कितीतरी घरांत ही गोष्ट लेकरांना पाठ आहे, म्हणून ती लांबवत नाही.

बोललं जात नाही ते पुढच्या वर्षाबद्दल. फेब्रुवारी १९९१ मध्ये माघार घेताना इराकी सैन्याने कुवेतच्या सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवून दिल्या. शेवटची विहीर ६ नोव्हेंबर १९९१ ला बंद झाली. आग विझवणाऱ्या परदेशी पथकांचे फोटो जगभर छापून आले. पण त्या कामाला पंप लागतात, बुलडोझर लागतात, टँकर आणि क्रेन लागतात, आणि ते रोज बिघडतात. ते दुरुस्त करणारे हात आपल्याकडचे होते. बाबांच्या कंपनीने त्या उन्हाळ्यात जुन्या माणसांना परत बोलावलं. घरावर कर्ज होतं, आम्ही लहान होतो, बाबा गेले.

त्यांची जागा अहमदीच्या बाजूला, बुरगान तेलक्षेत्राच्या काठावर, एका उघड्या शेडमध्ये होती. ते सांगतात की वारा पडला की भर दुपारी गाड्यांचे दिवे लावून काम करावं लागे. हवेतून तेलाचे बारीक थेंब पडत, कपड्यांवर काळे ठिपके उमटत. सकाळी थुंकलं तर बेडका काळा. तोंडाला ओला रुमाल, दुसरं काही नाही. गोऱ्या पथकांकडे मास्क होते, हे ते अगदी साधेपणाने सांगतात. मला ते ऐकवत नाही.

मी जमेल तसं वाचलं. त्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण होते, सल्फर डायऑक्साइड होता, नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अर्धवट जळालेल्या तेलातली कर्करोगकारक रसायनं होती. पण चित्र एका रंगाचं नाही. तिथला वारा बहुतेक वायव्येकडून वाहतो, त्यामुळे धुराचा मोठा भाग दक्षिणेला जायचा आणि उत्तरेकडच्या कुवेत शहराला बरेच दिवस मोकळी हवा मिळायची. म्हणजे कोण कुठे उभं होतं यावर सगळं अवलंबून. अमेरिकेने आपल्या चार लाखांहून अधिक सैनिकांच्या इस्पितळातल्या नोंदी तपासल्या, त्यात धुरामुळे इस्पितळात दाखल होण्याचं प्रमाण ठोसपणे वाढलेलं दिसलं नाही. दुसऱ्या काही पाहण्यांत दम्याशी संबंध आढळला. शिवाय दाखल न होता घरीच धापा टाकणारा माणूस इस्पितळाच्या नोंदीत येतो कुठे?

दुसरा एक अभ्यास वाचल्यावर मात्र मी हा धागा काढायचं ठरवलं. २००३ मध्ये इराकमध्ये मोसुलजवळ मिश्राक इथला गंधकाचा कारखाना पेटला आणि जवळपास महिनाभर जळत राहिला. तिथून आणि इराक-अफगाणिस्तानातून परतलेल्या ८० अमेरिकन सैनिकांना धाप लागत होती. त्यांतल्या ४९ जणांच्या फुप्फुसाचा तुकडा काढून तपासला, तेव्हा ३८ जणांना कन्स्ट्रिक्टिव्ह ब्रॉन्किओलायटिस निघाला. यात फुप्फुसातल्या सगळ्यात बारीक श्वासनळ्या आतून आवळत जातात. २०११ मध्ये हे प्रसिद्ध झालं. त्यांतल्या जवळपास सगळ्यांचे एक्स-रे स्वच्छ होते, बहुतेकांची स्पायरोमेट्रीही ठीक होती. बाबांचा एक्स-रेही स्वच्छच आहे.

१० ऑगस्ट २०२२ ला अमेरिकेत पॅक्ट कायदा झाला. २ ऑगस्ट १९९० नंतर आखातात तैनात असलेल्या सैनिकाला दमा, सीओपीडी (श्वासनळ्या कायमच्या अरुंद होण्याचा आजार) किंवा हा ब्रॉन्किओलायटिस नंतर झाला, तर तो तिथल्या हवेमुळेच झाला असं सरकार धरून चालतं. सैनिकाला पुरावा गोळा करत फिरावं लागत नाही. त्यांना ते मिळालं याचा मला आनंदच आहे. त्याच धुरात पाना धरून उभा असलेला डिचोलीचा माणूस मात्र कुठल्याच यादीत नाही.

एक गोष्ट लपवून चालणार नाही. कुवेतहून कायमचे परतल्यावर बाबांनी २०१२ मध्ये खाणी बंद होईपर्यंत खाणीवरच्या ट्रकांच्या वर्कशॉपमध्ये काम केलं. पिळगाव-सारमानसच्या रस्त्यावर त्या काळात धूळ किती होती ते आमच्या भागातल्यांना सांगायला नको. तेव्हा दोष धुराचा की धुळीचा, मला कळत नाही. कदाचित दोन्हींचा.

तर विचारायचं ते असं. छातीच्या डॉक्टरांकडे जाताना ही सगळी माहिती कशी मांडावी, म्हणजे ते ती मनावर घेतील? एक्स-रे आणि स्पायरोमेट्रीच्या पुढच्या कोणत्या तपासण्या विचाराव्यात, आणि त्या गोमेकॉमध्ये, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजमध्ये, होतात का? एका नातेवाइकाने युरेनियमचं सांगून आईला घाबरवून सोडलंय, त्याची तपासणी करायची गरज आहे का? आणि १९९१ मध्ये अहमदी, फहाहील, मीना अल अहमदी या बाजूला असलेलं आपल्यापैकी कुणाच्या घरचं कुणी आहे का? त्यांची तब्येत कशी आहे, एवढं तरी कळवा.

प्रतिसाद: श्वासमापक

ताई, मी मुंबईत फुप्फुसांच्या तपासण्या करणारा तंत्रज्ञ आहे, डॉक्टर नाही. तरी अनुभवावरून सांगतो.

डॉक्टरांना गोष्ट सांगू नका, एक कागद द्या. एकाच पानावर वर्षांप्रमाणे: कुठे काम, कसलं काम, दिवसाला किती तास, धूर किंवा धूळ किती अंतरावर, तोंडाला काय बांधलं होतं, त्या काळात कोणता त्रास झाला आणि तो तिथून परतल्यावर थांबला का. धाप पहिल्यांदा कधी जाणवली तेही. वर ठळक अक्षरात ‘कामाच्या ठिकाणी धुराचा संपर्क, १९९१’ असं लिहा. बाहेर रांग असते, बोललेलं विसरलं जातं, कागद फाइलला लागतो.

तपासण्यांत दोन गोष्टी आवर्जून विचारा. पहिली डीएलसीओ. फुप्फुसातून रक्तात वायू किती चांगला जातो ते तिच्यात कळतं. स्पायरोमेट्री ठीक असूनही ही कमी येऊ शकते. तिच्याबरोबरच फुप्फुसात हवा अडकून राहते का तेही मोजता येतं. दुसरी एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारकाईने काढलेला सीटी स्कॅन, पण ती श्वास आत घेऊन आणि पूर्ण सोडून अशी दोन्ही वेळा काढायला सांगा. बारीक नळ्या आवळल्या असतील तर श्वास सोडल्यावरच्या चित्रात हवा कुठे अडकली ते दिसतं. नुसती आत घेतलेली काढली तर ते निसटतं. सहा मिनिटं चालवून ऑक्सिजन किती उतरतो तेही बघतात, आणि या वयात हृदयाची टूडी एको हवीच. धाप हृदयाचीही असू शकते, ते आधी वगळलं पाहिजे.

फुप्फुसाचा तुकडा काढण्याचा विषय निघाला तर घाई करू नका. ते सैनिक तरुण होते. ७२ व्या वर्षी ती शस्त्रक्रिया जड जाते, आणि तिच्यामुळे उपचार बदलणार असतील तरच तिला अर्थ आहे. आवळलेल्या नळ्या पुन्हा पूर्ववत होत नाहीत. फ्लूची आणि न्यूमोनियाची लस, श्वासाचे आणि चालण्याचे व्यायाम, पुढचं नुकसान टाळणं, यावरच भर असतो.

युरेनियमची भीती आईंच्या डोक्यातून काढा. १९९१ च्या युद्धात रणगाडे फोडायला तसल्या गोळ्या वापरल्या हे खरं, आणि जुलै १९९१ मध्ये कुवेत शहराच्या पश्चिमेला दोहा इथल्या अमेरिकन तळावर आग लागून त्या जळाल्या हेही खरं. पण ज्यांच्या शरीरात त्या धातूचे तुकडे अडकले, त्या सैनिकांच्या लघवीत ते प्रमाण वाढलेलं सापडत आलं आहे. अहमदीला शेडमध्ये असलेल्या माणसाला तीस वर्षांनंतर ती तपासणी करून काही हाती लागणार नाही. तो पैसा सीटीला वापरा.

प्रतिसाद: फोंड्याचा मेकॅनिक

धूर आणि धूळ तुम्ही लिहिलंत, तिसरी गोष्ट राहिली. त्या काळच्या ब्रेक लायनरमध्ये आणि क्लच प्लेटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ड्रम उघडला की आम्ही कॉम्प्रेसरची हवा मारून भुकटी उडवायचो, सगळं नाकातोंडात. त्याचा परिणाम वीस, तीस, चाळीस वर्षांनी दिसतो. बाबांनी ब्रेकचं काम केलं असेल तर ते त्या कागदावर नक्की लिहा. सीटीत फुप्फुसाच्या आवरणावर चट्टे आहेत का, हे बघणाऱ्याला मुद्दाम सांगावं लागतं. खाणीच्या धुळीत सिलिका असते, तिच्या गाठी बहुधा फुप्फुसाच्या वरच्या भागात दिसतात, आणि सिलिका बसलेल्या माणसाला क्षयरोग लवकर धरतो. म्हणून थुंकीची तपासणीही करून घ्या.

प्रतिसाद: पेडण्याचो झिलो

माझे काका फहाहीलला होते. त्यांना विचारून लिहितोय. ते म्हणतात, वारा वाळवंटाकडून आला की धूर अंगावर यायचा, घशात करवत फिरायची. त्यांना आता सायनसचा त्रास आहे, धाप नाही. ते दुकानात होते, बाहेर उघड्यावर नव्हते. तुमच्या बाबांशी ते बोलायला तयार आहेत, व्यक्तिगत निरोपात नंबर देतो.

कागदपत्रांचं सांगतो. जुना पासपोर्ट टाकू नका, त्यावरचे १९९१ चे शिक्के हाच पुरावा. अकामाची (तिथल्या वास्तव्याच्या परवान्याची) प्रत, कंपनीचं पत्र, पगाराची पावती, घरी पाठवलेली पत्रं, काही असेल ते फोटो काढून ठेवा. कुवेत सोडून यावं लागलं म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाकडून नव्वदच्या दशकात भरपाई मिळाली होती, काकांनाही मिळाली. त्या अर्जाची प्रत असेल तर तीही ठेवा. पण तिथून आता काही मिळेल अशी आशा धरू नका. दाव्यांच्या मुदती केव्हाच संपल्या, आणि जानेवारी २०२२ मध्ये शेवटचा हप्ता देऊन, एकूण ५२.४ अब्ज डॉलर वाटून, ते काम संपलं.

धागाकर्ती:

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री बाबांना घेऊन बसले आणि तो कागद लिहिला. ब्रेकचं काम तर त्यांनी कुवेतला आणि खाणीवर, दोन्हीकडे केलंय, कॉम्प्रेसरने भुकटी उडवूनच. हे मला कधी सुचलंच नसतं. पासपोर्ट आईच्या ट्रंकेत सापडला, जून १९९१ चा शिक्का स्पष्ट आहे.

गोमेकॉच्या छातीच्या विभागात पुढच्या आठवड्यात जातोय. डीएलसीओ तिथे होते का ते अजून कुणी सांगितलं नाही, माहीत असेल त्यांनी लिहा. झिलोबा, नंबर मिळाला, बाबा आज संध्याकाळी काकांना फोन करणार आहेत. आणखी कुणाच्या घरची माणसं १९९१ मध्ये तिकडे होती तर इथे लिहीत राहा: गाव, कामाची जागा, काम आणि आताची तब्येत, नाव नको. पुरेशी माहिती जमली तर ती एकत्र करून मी त्या विभागातल्या डॉक्टरांना नेऊन देईन.