मदत हवी आहे : गे मित्रांवरचं नाटक बसवतोय, कोल्हापूर

नमस्कार मंडळी, आमचा हौशी ग्रुप आहे, नोकऱ्या सांभाळून संध्याकाळी तालमी करणारा. यावेळी ग्रुपमधल्याच एकानं लिहिलेलं दोन अंकी नाटक घेतलंय. चार गे मित्र, त्यातल्या एकाचं घरच्यांनी लग्न ठरवलंय, हळद लागलीय आणि बाकीचे तिघं त्या रात्री त्याच्या खोलीवर येतात, एवढंच, पण लई खरं लिहिलंय.

अडचण अशी की नवऱ्या मुलाचं काम करणारा पोरगा घरातनं विरोध झाला म्हणून सोडून गेला. समलिंगी संबंध गुन्हा नाही असा कलम 377 चा निकाल 2018 ला लागला तरी नुसतं पात्र करायचं म्हटलं तरी लोक पोराला विचारतात, तू तसला आहेस का. त्यामुळं 25 ते 30 वयाचा, तालमीला नियमित येणारा कुणी असेल तर सांगा.

दुसरं आणि माझ्या मते जास्त महत्त्वाचं, आपल्याकडं स्टेजवर असं पात्र आलं की लचकत चालायचं आणि हशा घ्यायचा, ते आम्हाला अजिबात नकोय, म्हणून कुणी गे वाचक संहिता वाचून कुठं खोटं वाटतंय ते स्पष्ट सांगेल का? नाव कुठंही येणार नाही, मेसेज करा.

आणि नाटकाची संहिता तपासून मंजुरी देणाऱ्या सरकारी परिनिरीक्षण मंडळाकडं संहिता पाठवताना अशा विषयाला कुणाला कट सुचवले होते का? शाहू स्मारकला प्रयोग केलेल्यांनी लाइट आणि भाड्याचंही सांगा प्लीज.